मत टाकणं, मत मांडणं

गाम्बियात मतदाराच्या हातात मतपत्रिका देत नाहीत, काचेची गोटी देतात. आडोशामागे लोखंडी पिंपं ओळीने मांडलेली असतात. जितके उमेदवार तितकी पिंपं, प्रत्येक आपापल्या पक्षाच्या रंगात रंगवलेलं, वर उमेदवाराचा फोटो डकवलेला. पिंपाच्या माथ्यावर एक नळी असते. तिच्यात गोटी सोडली की ती आतल्या घंटीवर आपटते, ‘टिंग’ होतं आणि गोटी तळाशी जाते. बाहेर अधिकारी कान देऊन बसलेला असतो. एक टिंग म्हणजे एक मत. दोन ऐकू आल्या तर काहीतरी गडबड आहे. गोटी तळाला पडताना पुन्हा आवाज होऊ नये म्हणून तिथे वाळू नाहीतर लाकडाचा भुसा घालतात. शिवाय त्या दिवशी मतदान केंद्राच्या आसपास सायकली आणायला बंदी असते, कारण सायकलच्या घंटीने अधिकाऱ्याचा कान फसू शकतो.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो. हसू सायकलींचं आलं. मग लक्षात आलं की सायकलच्या घंटीपर्यंत जाऊन पोचलेला विचार हा गमतीचा विचार नसतो. १९६०च्या दशकात ब्रिटिश तिथून निघायच्या बेतात होते आणि बहुतेक मतदारांना अक्षरओळख नव्हती. कागदावर फुली मारायला शिकवत बसण्यापेक्षा कुणीतरी वेगळा प्रश्न विचारला: वाचता न येणाऱ्या माणसाला गुप्तपणे, एकदाच आणि फसवणूक न होता मत कसं देता येईल? गोटी हे त्याचं उत्तर होतं.

डिसेंबर २०१६मध्ये राष्ट्राध्यक्ष याह्या जामेह याच गोट्यांनी पडले. ते २२ वर्षं सत्तेवर होते, १९९४ साली लष्करी बंडातून आलेले. निकाल लागल्यावर त्यांनी पराभव मान्य केला, आठवड्याभरात शब्द फिरवला, आणि शेजारी देशांच्या फौजा आत यायला लागल्यावर जानेवारी २०१७मध्ये देश सोडला. अर्थात याच गोट्यांनी त्याआधी चार वेळा त्यांना निवडूनही दिलं होतं. गोटीचं कौतुक करताना हे विसरायला होतं.

आपल्या भाषेत एक गंमत आहे. विचार करून बनवतो ते ‘मत’ आणि पेटीत टाकतो तेही ‘मत’. ‘माझं मत वेगळं आहे’ आणि ‘माझं मत वाया गेलं’ या दोन वाक्यांतला शब्द एकच. त्यामुळे मतदान केलं की आपण काहीतरी बोललो असं मराठी माणसाला सहज वाटतं. गोटीकडे पाहिलं की तो भ्रम गळून पडतो. गोटी काही म्हणत नाही. ‘रस्ता हवा, पण जंगल तोडून नको’ हे गोटीला सांगता येत नाही. तिला फक्त मोजता येतं. वसाहतींचं राज्य गेल्यावर जगभर जे प्रातिनिधिक लोकशाहीचे प्रयोग झाले त्यांच्याबद्दल वाचताना मला हीच फट पुन्हा पुन्हा दिसत राहिली. मत टाकायची सोय एक आणि मत मांडायची सोय दुसरी. या दोन्ही एकाच दुकानात मिळत नाहीत.

शाळेत शिकवलेली गोष्ट सरळ होती. लोकशाही लंडनमध्ये पिकली, पेटीत भरून वसाहतींकडे रवाना झाली, काही ठिकाणी रुजली, काही ठिकाणी नासली. या गोष्टीत तथ्य अगदीच नाही असं नाही. पेटी खरोखर गेली होती. नव्या संसदांना ब्रिटिश सभागृहाकडून गदा (सभागृहाच्या अधिकाराची खूण) आणि सभापतींच्या खुर्च्या भेट जात, टोपांची आणि झग्यांची प्रथा जाई, सरकारपक्षाने आणि विरोधकांनी समोरासमोर बसायचं ही रचनाही जाई. लंडनमधलं ते मूळ सभागृह मे १९४१च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. ते पुन्हा कसं बांधायचं यावर १९४३ साली चर्चा झाली तेव्हा चर्चिल यांनी आग्रह धरला: अर्धवर्तुळ नको, जुनाच लांबट आकार हवा, समोरासमोर बाकं हवीत, आणि जागाही मुद्दाम अपुरी ठेवायची. म्हणजे सगळे सभासद आले तर साधारण दोन-तृतीयांशांनाच बसायला मिळेल, एरवी चार माणसं असली तरी सभा ओस वाटणार नाही. खोलीचा आकार माणसांच्या वागण्याला वळण लावतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

१९५०मध्ये ते सभागृह पुन्हा उघडलं तेव्हा त्यात सभापतींची खुर्ची ऑस्ट्रेलियाने दिलेली होती, टेबल कॅनडाने, आणि दारं भारत व पाकिस्तानने. तीन वर्षांपूर्वी ज्यांना दाराबाहेर काढून झालं होतं, किंवा ज्यांनी यांना दाराबाहेर काढलं होतं, त्यांनीच दारं पाठवली. हा तपशील मला फार आवडतो. का आवडतो हे मात्र मला नीट सांगता येत नाही.

पण पेटीची गोष्ट दुसऱ्या बाजूने फसते. गुप्त मतदानच घ्या. सरकारने छापलेली मतपत्रिका, आडोसा, आत एकट्याने जाऊन खूण करायची, ही पद्धत १८५६ साली व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी कायद्यात आणली. ब्रिटनमध्ये ती १८७२ साली पोचली. तोवर तिथलं कूळ जमीनदाराच्या देखत, मोठ्याने नाव घेऊन मत देत असे. सार्वत्रिक मताधिकाराचंही तसंच. ब्रिटनमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत १९२८ साली मिळालं. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, सगळ्या प्रौढांना मत मिळालं १९३१ साली. गुरू शिष्याच्या तीन वर्षं पुढे होता. स्वित्झर्लंडमधल्या स्त्रियांना देशपातळीवर मताधिकार मिळायला १९७१ उजाडलं.

सिलोनपाशी थोडं थांबतो, कारण तिथे एक अशी गोष्ट घडली जी सहसा कुणी सांगत नाही. १९३१च्या राज्यघटनेत नुसता मताधिकार नव्हता, सभागृहाची मांडणीही निराळी होती. सगळे निवडून आलेले सभासद सात समित्यांत वाटून घेत. शेतीची समिती, शिक्षणाची समिती, असं. समितीचा अध्यक्ष तोच मंत्री. म्हणजे सरकारपक्ष आणि विरोधी पक्ष अशी भिंतच नव्हती. कुठल्याही समाजाचा प्रतिनिधी कुठल्या ना कुठल्या समितीत बसून कारभाराला हात लावू शकत होता. पद्धत गचाळ होती, कामं रेंगाळत, एकसंध धोरण बनत नसे. तिथल्या बऱ्याच पुढाऱ्यांना ती अपमानास्पद वाटे. अस्सल माल आम्हाला का नाही, लंडनला आहे तसं मंत्रिमंडळ आम्हाला का नाही? १९४७ साली त्यांना ते मिळालं. १९४८ आणि १९४९च्या कायद्यांनी चहामळ्यांवरच्या सुमारे सात लाख तमिळ मजुरांचं नागरिकत्व आणि मत गेलं. १९५६ साली सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. हे सगळं रीतसर झालं: बहुमताने, गदेसमोर, सभापतींच्या परवानगीने.

समित्या टिकल्या असत्या तर यादवी टळली असती असं मी म्हणत नाही. इतिहासाला असे जर-तर लावून काही हाती लागत नाही. पण समोरासमोरच्या बाकांमागे एक गृहीत धरलेली गोष्ट असते: आज इकडे बसलेला उद्या तिकडे बसेल. माणसं विचाराने एकत्र आली असतील तर हे घडतं, कारण विचार बदलतात. आंबेडकरांनी हा फरक नेमका हेरला होता. राजकीय बहुमत घडवावं लागतं, ते मोडतं, पुन्हा घडतं. जमातीचं बहुमत जन्माने येतं, त्याला घडायचीही गरज नाही आणि मोडायचीही भीती नाही. जन्माने अल्पसंख्य असलेल्याने समोरच्या बाकावर किती काळ वाट पाहायची?

घानाची गोष्ट मला जास्त छळते, कारण ती एकाच माणसाची आहे. फेब्रुवारी १९५१. देशाचं नाव अजून गोल्ड कोस्ट. क्वामे न्क्रुमा अक्राच्या तुरुंगात आहेत आणि तिथूनच अक्राची जागा लढवतात. पडलेल्या २३,१२२ मतांपैकी २२,७८० त्यांना. चार दिवसांनी ब्रिटिश गव्हर्नर त्यांची सुटका करून सरकार बनवायला बोलावतो. मत या गोष्टीत केवढी ताकद आहे याचं याहून स्वच्छ उदाहरण विसाव्या शतकात मला माहीत नाही. कैद्याच्या कोठडीचं कुलूप कागदाच्या चिठोऱ्यांनी उघडलं. १९५७ साली देश स्वतंत्र झाला. १९५८ साली खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याचा कायदा आला. १९६४ साली एकपक्षीय राज्यासाठी सार्वमत घेतलं, त्याचा अधिकृत निकाल होता ९९.९ टक्के बाजूने. फेब्रुवारी १९६५मध्ये जे. बी. डांक्वा तुरुंगात वारले. स्वातंत्र्य चळवळीतले बुजुर्ग, १९६०च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत न्क्रुमांसमोर उभे राहून हरलेले. पुढच्या वर्षी लष्कराने न्क्रुमांनाच घालवलं.

पहिला आकडाही शंभराच्या जवळचा होता आणि दुसराही. पहिला खरा होता. दोन्हींत फरक काय, हे नुसत्या टक्केवारीवरून कळत नाही. न्क्रुमांना सत्तेची हाव सुटली असं म्हणून मोकळं होता येतं, पण मला ते पुरेसं वाटत नाही. वसाहतीने त्या लोकांना प्रतिनिधित्व दिलं ते फार उशिरा. त्याआधी अनेक दशकं लोकांकडे एकच साधन होतं: अर्ज. नम्र विनंती अर्ज, सह्यांचे कागद, शिष्टमंडळं. वर एक गव्हर्नर, तो कुणालाही उत्तरदायी नाही, फक्त लंडनला. स्थानबद्धतेचे कायदे, वर्तमानपत्रांवरची बंधनं, नेमलेले मुखिया हे सगळं आयतंच तयार होतं. नव्या संसदेच्या इमारतीत गदा आली ती शेवटच्या काही वर्षांत. गव्हर्नरचं टेबल त्याच्या कितीतरी आधीपासून होतं, आणि त्याच्या खणांत काय आहे हे नव्या माणसाला लगेच सापडलं.

इथे टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे येतात, आणि एक कबुली द्यायला हवी. तरुणपणी मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. म्हणणं असं: दोन पक्षांची झुंज ही युरोपातल्या वर्गांच्या भांडणातून आलेली आहे, आमच्याकडे वडीलधारी माणसं झाडाखाली बसतात आणि एकमत होईपर्यंत बोलतात. सगळा देश एकाच चळवळीत असेल तर दुसरा पक्ष कशासाठी हवा? घानाचे तत्त्वज्ञ क्वासी विरेडू यांनीही पुढे अशांती लोकांच्या सभांचा दाखला देत पक्षाविना, सहमतीने चालणाऱ्या राज्याची बाजू मांडली. त्यांचं आवडतं चिन्ह म्हणजे दोन तोंडांची आणि एकाच पोटाची मगर: घासासाठी तोंडं भांडतात, पण अन्न जातं एकाच पोटात. आपल्याकडे जयप्रकाश नारायणांनी पक्षविरहित लोकशाहीचा विचार मांडला तोही न्येरेरेंच्याच सुमारास, १९५९ साली. हे सगळं वाचताना वाटायचं, हेच तर हवं. टाकायचं मत बाजूला ठेवा, मांडायचं मत पुढे आणा.

न्येरेरे नुसते बोलले नाहीत. १९६५च्या निवडणुकीत पक्ष एकच, पण बहुतेक मतदारसंघांत त्याच पक्षाचे दोन उमेदवार. प्रचार एकाच मंचावरून, जात-धर्म-वंशाचा उल्लेख निषिद्ध. चिन्हं देशभर दोनच: एकाला कुदळ, दुसऱ्याला घर. उमेदवारांनी लगेच चिन्हांवरूनच प्रचार सुरू केला, कारण धोरणावर बोलायला वावच नव्हता. एकाने म्हणायचं कुदळीशिवाय पोट भरत नाही, दुसऱ्याने म्हणायचं कुदळ मारून माणूस शेवटी घरीच येतो. पण या निवडणुकीत मंत्रीसुद्धा पडले. ‘एकपक्षीय’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येतं तसं ते नव्हतं. राष्ट्राध्यक्षपदाला मात्र न्येरेरे एकटेच उभे, हो किंवा नाही एवढंच म्हणायचं.

माझं मन फिरलं ते पुस्तकामुळे नाही. एका संस्थेच्या सभांचं इतिवृत्त मी काही वर्षं लिहीत होतो. अध्यक्ष ठराव वाचून दाखवायचे, मान वर करून विचारायचे, ‘कोणाची हरकत नाही ना?’ आणि मोजून दोन सेकंद थांबायचे. त्या दोन सेकंदांत कुणी चष्मा पुसायचं, कुणी घड्याळ बघायचं. मग मी लिहायचो: ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’ सूचक अमुक, अनुमोदक तमुक. घरी येऊन वही पुन्हा वाचली की असं वाटायचं, केवढी एकजुटीची ही संस्था! जिन्यावरून उतरताना जे बोलणं कानावर पडायचं त्याला वहीत रकाना नव्हता. सहमती या शब्दाला तेव्हापासून मी जरा बिचकून असतो. शांतता आणि होकार यांतला फरक लेखणीला कळत नाही.

बोट्स्वानातला ‘खोत्ला’, म्हणजे गावसभा, या बाबतीत जास्त प्रामाणिक वाटतो. लाकडी ओंडक्यांची अर्धगोल कड, आत लोक बसलेले, समोर मुखिया. त्याने सगळ्यात शेवटी बोलायचं. त्स्वाना भाषेत म्हण आहे, तिचा भाव असा: वेडंवाकडं बोलणाऱ्यालाही आपलं म्हणणं बोलण्याचा हक्क आहे. म्हणजे गप्प बसणं तिथे होकार धरत नाहीत, बोलणं अपेक्षित असतं. ब्रिटिश गेल्यावर बोट्स्वानाने खोत्ला मोडला नाही. संसद उभी केली आणि मंत्र्यांनी योजना घेऊन खोत्लात जायचं, शिव्या खायच्या, परत यायचं ही रीत ठेवली. पण इथेही डोळे उघडे ठेवून बघावं लागतं. फार काळ त्या कडेच्या आत स्त्रियांना बोलायची मुभा नव्हती. सान या तिथल्या मूळनिवासी लोकांना तर तिथे स्थान जेमतेमच. झाडाखालच्या सभेचं वर्णन करणाऱ्यांना झाडाच्या सावलीबाहेर कोण उभं आहे हे सहसा दिसत नाही.

मांडायच्या मताने खुर्ची रिकामी होत नाही हा दुसरा प्रश्न. सोमालीलँडमध्ये यादवीनंतर १९९३ साली बोरामा इथे टोळ्यांचे वडीलधारे महिनोन्महिने बसले आणि बोलून बोलून शांतता आणली. हे काम बाहेरच्या कुणालाही शेजारच्या सोमालियात जमलं नव्हतं. त्या वडीलधाऱ्यांचं मग संसदेत वरचं सभागृह झालं, नाव ‘गुर्ती’. तेव्हापासून त्याची निवडणूक झालेली नाही. मुदत वाढते, पुन्हा वाढते, आणि कुणी वारलं तर जागेवर मुलगा किंवा नातेवाईक येतो. त्याच देशात २००३ साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक निवडणूक आयोगाच्या मोजणीत अवघ्या ८० मतांनी लागली, आणि हरलेला पक्ष न्यायालयात गेला, डोंगरात बंदुका घेऊन गेला नाही. वडीलधाऱ्यांनी शांतता केली नसती तर ती ८० मतं मोजायला कुणी बसलंच नसतं. पण वडीलधाऱ्यांना आता उठवायचं कसं, हे कुणालाच सुचत नाही.

नायजेरियाने मात्र मताच्या मोजणीतच मांडणी घुसवायचा प्रयत्न केला, आणि तो मला सगळ्यात बुद्धिमान वाटतो. पहिलं संसदीय प्रजासत्ताक जानेवारी १९६६च्या बंडात गेलं, पाठोपाठ बियाफ्राचं यादवी युद्ध झालं. १९७९ला नागरी राज्य परत आणताना घटनाकारांनी लंडनची बाकं सोडून दिली आणि राष्ट्राध्यक्ष थेट निवडायचं ठरवलं. पण अट घातली: नुसती सर्वाधिक मतं पुरणार नाहीत, देशातल्या किमान दोन-तृतीयांश राज्यांत प्रत्येकी किमान एक-चतुर्थांश मतं मिळाली पाहिजेत. म्हणजे आपल्या एका प्रांताच्या, आपल्या एका जमातीच्या जिवावर कुणी देशाचा मालक होणार नाही. इतरांच्या दारात जावंच लागेल.

सुंदर कलम. फक्त राज्यं होती १९. एकोणीसचे दोन-तृतीयांश किती? बारा आणि दोन-तृतीयांश. शेहू शगारी सर्वाधिक मतं घेऊन पुढे होते, १२ राज्यांत पंचवीस टक्क्यांच्या वर होते, आणि तेराव्या, म्हणजे कानो राज्यात जवळपास वीस टक्क्यांवर अडकले. राज्याचा दोन-तृतीयांश भाग ही काय चीज आहे? निवडणूक आयोगाने अर्थ लावला: कानोमधल्या दोन-तृतीयांश मतांच्या पंचवीस टक्के एवढी मतं मिळाली तरी पुरे. प्रतिस्पर्धी उमेदवार ओबाफेमी अवोलोवो यांनी आव्हान दिलं, सर्वोच्च न्यायालयाने शगारींच्या बाजूने कौल दिला. जमातींच्या भांडणावर काढलेला तोडगा शेवटी अपूर्णांकाच्या वर्गात जाऊन बसला. १९८३च्या अखेरच्या दिवशी पुन्हा लष्कर आलं. तरी ती अट नायजेरियाने टाकून दिलेली नाही, आजच्या घटनेतही ती आहे. मला यात खरी शहाणीव दिसते. उसन्या खोलीत बसून त्यांनी आपल्या घराच्या भिंती कुठे तडकतात ते पाहिलं आणि तिथे टेकू लावला. टेकू वाकडा बसला, पण जागा बरोबर होती.

भारताबद्दल आपण इतकं बोलतो की लिहायचा कंटाळा येतो. तरी दोन गोष्टी. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीला १७ कोटींवर मतदार, त्यातले बहुसंख्य निरक्षर, म्हणून प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी. गाम्बियाच्या पिंपांची थोरली बहीणच म्हणा. ही निवडणूक घेणारे सुकुमार सेन पुढे १९५३ साली सुदानच्या पहिल्या निवडणुकीच्या आयोगाचे अध्यक्ष म्हणून गेले. लोकशाहीचा प्रवास लंडन ते खार्टूम असा नकाशावर दाखवतात, तो प्रत्यक्षात दिल्लीवरून गेला. सुदानमध्ये पुढे १९५८ साली लष्कराने सत्ता घेतली, हा भाग वेगळा.

दुसरी गोष्ट मतदार याद्यांची. याद्या करताना लाखो बायकांनी नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगायचं नाही ही रीत. सेन अडून बसले: नाव नाही तर नोंद नाही. सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून गेल्या. त्यावरून त्यांच्यावर टीका झाली, आणि आकडा पाहिला की पोटात कालवतंच. पण ‘अमक्याची बायको’ म्हणून मत घेतलं असतं तर ते नक्की कुणाचं मत मोजलं असतं? मी या प्रश्नावर बरेचदा बाजू बदलली आहे.

आपली लोकशाही मुळातच प्राचीन, असं हल्ली फार ऐकू येतं, तेव्हा उत्तिरमेरूरचा शिलालेख पुढे करतात. तो खरा आहे आणि वाचण्यासारखा आहे. दहाव्या शतकाच्या आरंभीचा, परांतक चोळाच्या काळातला. तीस वॉर्ड, पात्र माणसांची नावं ताडपत्रावर लिहून मडक्यात टाकायची आणि लहान मुलाकडून चिठ्ठी काढायची. ज्याने मागच्या वेळी हिशोब दिला नाही तो बाद, आणि त्याचे नातेवाईकही बाद! ही अट आज लावली तर किती जागा भरतील याचा विचार न केलेला बरा. पण मडक्यात नाव पडायला जमीन लागे, स्वतःचं घर लागे, वेदांचं ज्ञान लागे. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात आपल्या पूर्वपरंपरेचा दाखला दिला तो बौद्ध भिक्षुसंघांचा: ठराव, गणसंख्या, मतमोजणी यांचे नियम त्यांच्याकडे होते. गावाचा दाखला त्यांनी दिला नाही. गावाला तर त्यांनी वर्षभरापूर्वी अज्ञानाचं आणि संकुचितपणाचं आगर म्हटलं होतं. परंपरेतलं काय उचलायचं आणि काय नाही, याची त्यांची कसोटी कडक होती.

मडकं मात्र परत आलं आहे, आणि आलं ते एका जुन्या वसाहतीत. आयर्लंडने २०१६ साली ९९ नागरिक सोडतीने निवडले, एका न्यायमूर्तींना अध्यक्ष नेमलं आणि गर्भपाताच्या प्रश्नावर महिनोन्महिने ऐकायला बसवलं. डॉक्टर, वकील, धर्मगुरू, स्वतः त्यातून गेलेल्या बायका. राजकारण्यांना जो विषय पस्तीसेक वर्षं नीट सोडवता आला नव्हता त्यावर सोडतीतल्या माणसांनी शिफारस केली आणि मे २०१८च्या सार्वमतात ६६ टक्क्यांवर लोकांनी बंदी उठवायच्या बाजूने मत दिलं. म्हणजे आधी मांडलं, मग टाकलं. हे जमलं म्हणून सगळीकडे सोडतीच्या सभांची टूम निघाली. मग मार्च २०२४मध्ये तशाच एका सभेतून पुढे आलेले प्रस्ताव, सरकारच्या शब्दरचनेत, आयर्लंडच्याच मतदारांनी सणसणीत फेटाळले. बोलिव्हियाने २००९च्या घटनेत थेट, प्रातिनिधिक आणि सामुदायिक अशा लोकशाहीच्या तिन्ही रीती शेजारी शेजारी लिहून ठेवल्या, मूळनिवासी समाजांनी आपल्या पद्धतीने माणसं निवडावीत म्हणून. कागदावर तिघी सुखाने नांदतात. प्रत्यक्षात तिसरीला घरात जागा लहान मिळाली आहे.

लोकशाही परकी आहे, आमच्या मातीला मानवत नाही, असं कुणी म्हणालं की मी आता एवढंच बघतो की म्हणणारा उभा आहे की बसलेला, आणि बसला असेल तर कशावर. केनियाच्या राज्यकर्त्यांनी १९८८मध्ये पक्षांतर्गत उमेदवार निवडीसाठी मतपेटीच रद्द केली. लोकांनी उमेदवाराच्या फोटोमागे रांगेत उभं राहायचं, रांग लांब तो जिंकला. आखूड रांग लांब म्हणून जाहीर झाल्याच्या तक्रारी देशभर झाल्या, आणि रांग पांगल्यावर फेरमोजणी करायला काही उरतच नाही. शिवाय कोण कुणामागे उभं आहे हे सगळ्या गावाला दिसतं. अशा वेळी मला ती टिंग आठवते. तिला शब्द नसतात, पण ती कुणाच्या पिंपात वाजली हे बाहेरच्या अधिकाऱ्यालाही कळत नाही.

ऑक्टोबर २०२४मध्ये बोट्स्वानात स्वातंत्र्यापासून सलग ५८ वर्षं सत्तेवर असलेला पक्ष हरला. नुसता हरला नाही, चार जागांवर आला. राष्ट्राध्यक्ष मसीसी यांनी पूर्ण निकाल लागायच्या आधीच हार मान्य केली. ५८ वर्षं खोत्लात लोक बोलत होते, सरकार ऐकत होतं, आणि तरीही शेवटी पेटीच लागली. की ५८ वर्षं बोलायची सवय होती म्हणूनच पेटीनंतर कुणी बंदूक काढली नाही? दोन्ही बाजूंनी वाक्य पूर्ण करता येतं.

मी इतिवृत्त लिहीत होतो त्या संस्थेतली एक सभा. ठराव वाचून झाला, अध्यक्षांनी मान वर केली, दोन सेकंद सुरू झाले. मी ‘सर्वा’ एवढं लिहिलंही होतं. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, ‘माझी हरकत आहे. नोंद करा.’ त्या नवऱ्याच्या निधनानंतर त्यांच्या जागी सभासद झाल्या होत्या, पहिल्यांदाच बोलत होत्या. अध्यक्ष म्हणाले, बरं, लिहून घ्या. मी ‘सर्वा’ खोडलं आणि सवयीने लिहिलं: ‘कै. अमुक यांच्या पत्नी यांनी हरकत नोंदवली.’ सभा संपल्यावर त्या टेबलापाशी आल्या, वही स्वतःकडे फिरवून ओळ वाचली आणि म्हणाल्या, ‘मला नाव आहे.’ मी विचारलं. त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, मी लिहीत असताना वेलांटी दीर्घ आहे हेही सांगितलं, आणि शाई वाळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. ठराव मंजूर झालाच होता, एकाविरुद्ध बाकी सगळे.